खादीचा राष्ट्रध्वज : चार झेंडावंदनांनंतरचे परीक्षण

लातूरमधील आमच्या अठ्ठेचाळीस घरांच्या सोसायटीसाठी मी गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खादीचा राष्ट्रध्वज विकत घेतला. त्यानंतर १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर (मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन), २६ जानेवारी आणि १ मे अशा चार दिवशी तो आवारातील ध्वजस्तंभावर चढला. नवा असताना कोणताही ध्वज चांगलाच दिसतो, म्हणून ऊन, पाऊस, वारा आणि चार वेळच्या घड्या त्याने सोसल्यावरच त्याच्याविषयी लिहावे असे मी ठरवले होते. ज्या सोसायट्या, शाळा, मंडळे किंवा कुटुंबे या वर्षी ध्वज घेण्याच्या विचारात आहेत, त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा एवढाच हेतू आहे.

आधीचा अनुभव सांगितल्याशिवाय ही खरेदी का केली ते कळणार नाही. त्याआधीची तीन वर्षे आम्ही पॉलिएस्टरचे ध्वज ऑनलाइन मागवत होतो. तिसऱ्या वर्षी आलेला ध्वज आवारातील टेबलावर उलगडला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलीने अशोकचक्राच्या आऱ्या बोटाने मोजायला सुरुवात केली. शाळेत तिला चोवीस आऱ्या असतात असे नुकतेच शिकवले होते. तिने दोनदा मोजल्या, मग मी मोजल्या, आणि तिन्ही वेळा त्या बावीसच भरल्या. चक्र गोल नसून किंचित लांबट होते, पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यापासून ते सरकलेले होते आणि लांबी-रुंदीचे प्रमाणही तीनास दोन नव्हते. त्या मुलीने विचारले, "मग हा आपला झेंडा आहे का?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसरा ध्वज आणायला वेळ उरला नव्हता आणि नियमात न बसणारा ध्वज चढवणे कोणालाच पटेना, म्हणून त्या वर्षी आम्ही शेजारच्या शाळेच्या झेंडावंदनाला जाऊन उभे राहिलो. पुढच्या वर्षी ध्वज हातात घेऊन, तपासूनच आणायचा, हे तेव्हाच ठरले.

आमच्या शहरातील खादी भांडारात मी गेले तेव्हा ऑगस्टचे सहा दिवस उलटले होते, आणि हव्या त्या मापाचे मोजकेच ध्वज शिल्लक होते. काउंटरवरच्या ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी आधी टेबल पुसले, त्यावर धुतलेली चादर अंथरली आणि मगच ध्वजाची घडी उलगडली. नंतर त्यांनी दोन्ही हातांनी ध्वज दाराच्या उजेडात धरला आणि पुढचे व मागचे चक्र एकमेकांवर बरोबर बसले आहे की नाही ते मला पाहायला सांगितले. चक्र दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजे असा नियम आहे. दोन बाजूंची चक्रे जराशी जरी पुढेमागे झाली, तरी उजेडात आऱ्या दुहेरी दिसतात. आमच्या ध्वजात त्या एकेकच दिसल्या. मी सोबत नेलेल्या टेपने चक्राचा व्यास मोजला, तो साडेअठरा सेंटिमीटर भरला, आणि ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या ध्वजाला तो तेवढाच असायला हवा. राष्ट्रध्वजाची अशी नऊ प्रमाणित मापे आहेत. त्यांतले सर्वांत मोठे ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचे आणि सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटरचे आहे. सोसायटीच्या वीस-पंचवीस फुटी स्तंभाला ९०० बाय ६००चे माप जरा लहान पडते, हे चढवल्यावर लक्षात आले. त्याच्या वरचे १३५० बाय ९००चे माप त्या दिवशी दुकानात नव्हते.

किंमत पॉलिएस्टरच्या ध्वजाच्या कैक पटींनी जास्त होती, आणि कार्यकारिणीत त्यावरून अर्धा तास चर्चा झाली. राष्ट्रध्वजावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे पावतीवर कपड्याची किंमत तेवढी होती. मी खर्चाच्या बाजूने बोलले ते हा ध्वज कसा तयार होतो ते ठाऊक असल्यामुळे. खादी म्हणजे हाताने कातलेले सूत आणि हातमागावर विणलेले कापड. ध्वजाला एकाच जातीचे कापड लागते असेही नाही. फडकणारा भाग मऊ आणि सुटसुटीत विणीचा असतो, तर दोरी ज्या पट्टीतून जाते ती पट्टी जाड, भरड खादीची असते, आणि ओढ सगळी त्या पट्टीवर येते. केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन पट्टे वेगवेगळे कापून जोडावे लागतात. चक्र पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी येते, आणि पट्टीतल्या दोरीला वरच्या टोकाशी लाकडी खुंटी असते. सूत, रंग, माप, शिवण या सगळ्यांसाठी भारतीय मानक ठरलेले आहे. कापूस एकीकडचा, सूत दुसरीकडचे, माग तिसरीकडे आणि शिलाई चौथीकडे, अशा इतक्या हातांतून गेलेली वस्तू पंचवीस रुपयांत मिळणार नाही, हे मान्य करूनच दुकानात जावे.

आमच्या मराठवाड्याला या कामाचे विशेष अप्रूप असायला हवे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते आणि ध्वजासाठीचे कापड विणण्याचे काम उदगीरला चालते. उदगीर आमच्या जिल्ह्यातलेच गाव आहे. देशात असे ध्वज बनवणारी ठिकाणे मोजकीच आहेत. त्यांतले कर्नाटकातील हुबळीजवळचे बेंगेरी सर्वांना माहीत असते, पण आपल्या शेजारी हे काम होते याची लातूरकरांनाही कल्पना नसते. मी ही गोष्ट सोसायटीत सांगितली तेव्हा उदगीरकडच्या दोन कुटुंबांचे चेहरे खुलले, आणि खर्चाचा विषय तिथेच मिटला.

चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी मी ध्वज इस्त्रीला घेऊन गेले. आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांच्या टेबलावर पांढऱ्या शर्टांचा आणि फ्रॉकांचा ढीग कमरेइतका उंच लागला होता. ते म्हणाले, "ताई, पंधरा ऑगस्टची सुट्टी तुम्हाला. आमचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे चौदा तारीख. सगळ्या शाळेच्या लेकरांचे पांढरे कपडे आजच येतात, आणि रात्री अकरापर्यंत एकही नाही म्हणता येत नाही." त्यांनी ध्वज पाहिला, नळावर हात धुतले, टेबलावरचे कापड बदलले आणि ढिगातले काम बाजूला ठेवून आधी तो हातात घेतला. खादीला कोरडी इस्त्री बसत नाही. त्यांनी हाताने पाणी शिंपडले, दहा मिनिटे ध्वज गुंडाळून ठेवला, आणि मग जोडाच्या शिवणीवरून उलट्या बाजूने इस्त्री फिरवली. इस्त्री झाल्यावर घडी कशी घालायची ते त्यांनी मला विचारले, आणि मी दुकानात शिकलेली घडी त्यांना दाखवली. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी आत घेत यायचे, म्हणजे वर अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याची किनार एवढेच दिसते. त्यांनी ती घडी दोनदा मोडून पुन्हा घातली. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. कामाचे पैसे घ्यायलाच हवेत असे मी आग्रहाने सांगितले, तेव्हा त्यांनी एका शर्टाचे घेतले. स्वातंत्र्यदिनाचा अर्थ त्यांच्यासाठी त्या ढिगात होता. सकाळी सात वाजता रस्त्याने प्रभातफेरी निघते, तेव्हा त्यातला प्रत्येक कडक पांढरा शर्ट कोणाचा आहे हे त्यांना ओळखता येते.

पंधरा ऑगस्टला सकाळी आठ वाजता झेंडावंदन झाले. स्वातंत्र्यदिनी ध्वज खालून वर ओढून चढवतात, आणि चढवताना तो झपझप वर जावा असा संकेत आहे. खादीचा ध्वज वजनाने थोडा जड असल्यामुळे दोरी हातात नीट बसते आणि ध्वज मध्येच अडखळत नाही. आमच्या पॉलिएस्टरच्या ध्वजांना पहिल्या वाऱ्यातच दोरीभोवती गुंडाळून बसण्याची सवय होती, आणि मग कोणीतरी बांबू आणायला धावत असे. या वेळी ध्वज टोकाला पोहोचला आणि मोकळा झाला. उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या आणि राष्ट्रगीत सुरू झाले. त्यानंतर जिलेबी वाटली गेली. या दिवशी गरम जिलेबी खाणे ही महाराष्ट्रातील घराघरांची रीत आहे, आणि लहान मुलांची या दिवसाशी पहिली ओळख तिनेच होते, यात मला गैर काही वाटत नाही.

साडेनऊ वाजता पाऊस आला. इथे खादीची उणी बाजू प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भिजलेली खादी फडकत नाही. ध्वज स्तंभाला चिकटून राहिला आणि दुपारी ऊन पडेपर्यंत त्याचे रंगही नीट दिसत नव्हते, तर समोरच्या इमारतीवरचा पॉलिएस्टरचा ध्वज पावसातही हलत होता. संध्याकाळी आम्ही तो सावकाश उतरवला. उतरवताना घाई करायची नसते. आमच्या वॉचमनदादांनी तो दोन्ही हातांवर झेलला आणि जमिनीला टेकू दिला नाही. माझ्या घरातल्या रिकाम्या खोलीत दोरीवर पंख्याखाली तो वाळत घातला, तेव्हा पुरता वाळायला दीड दिवस लागला. रंग मात्र एकमेकांत उतरले नाहीत. पांढरा पट्टा पांढराच राहिला आणि चक्राची निळाई कडेने पसरली नाही. पावसाळ्यात येणाऱ्या सणासाठी ध्वज घेताना मला याचीच सर्वांत जास्त काळजी होती.

या ध्वजाचे मोल मला खऱ्या अर्थाने कळले ते १७ सप्टेंबरला. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा आमचा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला होता. ज्या दिवशी दिल्लीत तिरंगा चढला, त्या दिवशी इथे तो चढवणे गुन्हा होता. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा नेता म्हणून जो कासीम रझवी पुढे ओळखला गेला, तो लातूरचाच वकील होता. त्यामुळे या शहराला तो काळ केवळ पुस्तकातून माहीत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई, जिला पोलीस कारवाई म्हणतात, सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाच्या फौजांनी शरणागती पत्करली. १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार होता आणि १७ सप्टेंबर १९४८ हाही शुक्रवारच होता. त्या दोन शुक्रवारांच्या मध्ये ३९९ दिवस गेले. गोव्याला तर १९ डिसेंबर १९६१पर्यंत वाट पाहावी लागली, आणि गोवेकरांनाही वर्षातून दोन वेळा स्वातंत्र्याचा दिवस साजरा करण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे अण्णा नव्वदीच्या जवळ आले आहेत. औसा तालुक्यातील एका खेड्यात ते तेव्हा दहा वर्षांचे होते. झेंडावंदनाच्या आदल्या संध्याकाळी मी ध्वज घेऊन त्यांच्याकडे गेले, कारण स्तंभापर्यंत येणे त्यांना आता जमत नाही. त्यांनी ध्वजाच्या काठाची जाड पट्टी अंगठा आणि बोटात धरली आणि बराच वेळ चोळत राहिले. मग म्हणाले की त्यांच्या घरी असाच भरड कापडाचा झेंडा ज्वारीच्या कणगीत, दाण्यांच्या खाली पुरलेला असे. वडिलांनी तो सोलापूरच्या बाजूने, संस्थानाच्या सरहद्दीपलीकडून आणला होता. आई रोज भाकरीसाठी ज्वारी काढायची तेव्हा हात किती खोल घालायचा हे ठरलेले होते, आणि मुलांना कणगीला हात लावायची मनाई होती. "कशाला पुरलाय ते ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "पण घरात कोणीतरी लपलंय, असं वाटायचं." पोलीस कारवाईनंतर तो झेंडा बाहेर निघाला तेव्हा त्याला ज्वारीचा वास येत होता, हे सांगताना त्यांनी आमचा नवा ध्वज नाकाजवळ नेला. त्याला अर्थातच खळीचा आणि नव्या कापडाचा वास होता.

त्यांच्या वडिलांनी आणलेल्या झेंड्यावर चरखा होता की चक्र, हे अण्णांना आठवत नाही. संविधान सभेने अशोकचक्राचा ध्वज २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला, त्यामुळे त्याआधीचा असेल तर तो चरख्याचा असणार. कापड मात्र त्यांच्या बोटांना आठवते. पॉलिएस्टरचा ध्वज मी त्यांच्या हातात दिला असता तर ही आठवण वर आली असती असे मला वाटत नाही. १७ सप्टेंबरला आम्ही ध्वज चढवण्यापूर्वी ही गोष्ट मुलांना सांगितली. एरवी या दिवशी पंधरा-वीस माणसे जमतात, कारण मराठवाड्याबाहेरून आलेल्या कुटुंबांना तो आपला सण वाटत नाही, पण गेल्या वर्षी आवार भरले होते. अण्णा खिडकीत खुर्चीवर बसले होते, आणि राष्ट्रगीत सुरू झाल्यावर ते खिडकीचे गज धरून उभे राहिले.

२६ जानेवारीला ध्वज स्तंभाच्या टोकाशी बांधलेलाच असतो आणि दोरी ओढून तो फडकवतात. यासाठी घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवून सैल गाठ बांधावी लागते, आणि खादीच्या बाबतीत ही गाठ बांधण्याचा सराव हवा, कारण खरखरीत कापडावर ती पॉलिएस्टरसारखी घसरून सुटत नाही. आमच्या वॉचमनदादांनी आदल्या रात्री टॉवेलवर आठ-दहा वेळा सराव केला, तेव्हा कुठे सकाळी ती एका हिसक्यात सुटली. १ मे रोजी कोरडे ऊन आणि भरपूर वारा होता. खादीसाठी यापेक्षा चांगला दिवस नाही, आणि त्या दिवशी तो जसा फडकला तसा वर्षभरात कधी फडकला नाही.

पॉलिएस्टरविषयी माझे म्हणणे नीट समजून घ्यावे. डिसेंबर २०२१मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांना परवानगी मिळाली. २०२२च्या ऑगस्टमध्ये, १३ ते १५ तारखेच्या ‘हर घर तिरंगा’ मोहिमेसाठी, टपाल कार्यालयात पंचवीस रुपयांना ध्वज मिळत होता, आणि ज्या घरांनी आयुष्यात कधी ध्वज हातात घेतला नव्हता, त्या घरांवरही तो लागला. आमच्या घरकाम करणाऱ्या मावशींनी त्या वर्षी पत्र्याच्या घरावर बांबूला बांधून तो लावला आणि तीनही दिवस सकाळी मुलांना त्याच्यासमोर उभे केले. त्या ध्वजाला मी कमी लेखणार नाही. सामान्य नागरिकाला वर्षभर सन्मानाने ध्वज लावता येतो, हेच मुळी २००२च्या ध्वजसंहितेने मान्य केले आणि २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नागरिकाचा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क स्वस्त ध्वजामुळे गरिबाच्या दारापर्यंत पोहोचला, ही चांगलीच गोष्ट झाली. मला दुःख होते ते ज्यांना परवडते त्यांनीही खादीकडे पाठ फिरवल्याचे, आणि त्याहून जास्त, ऑगस्ट संपल्यावर गच्च्यांवर तसेच राहिलेल्या, उन्हाने विटून चिंध्या झालेल्या ध्वजांचे. फाटलेला ध्वज लावू नये आणि खराब झालेल्या ध्वजाची खासगीत, सन्मानपूर्वक विल्हेवाट लावावी, शक्यतो जाळून, असे संहिता सांगते. २०२२पासून ध्वज रात्रीही फडकत ठेवण्याची मुभा आहे, पण त्या मुभेचा अर्थ तो विसरून जाण्याची मुभा असा अनेकांनी घेतला. आम्ही संध्याकाळी ध्वज उतरवण्याची जुनी पद्धत पाळतो. दोन माणसांना दोन वेळा तिथे यावे लागते, आणि त्यामुळे तो दिवस सकाळच्या अर्ध्या तासात संपत नाही.

आता तक्रारी. दुकानाची सेवा आपुलकीची होती, पण ध्वजासोबत छापील सूचना एकही मिळाली नाही. घडी कशी घालावी, धुवावा की नाही, भिजल्यास काय करावे, खराब झाल्यावर काय करावे, हे सगळे त्या ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी तोंडी सांगितले, आणि ते त्या दिवशी सुट्टीवर असते तर मला काहीच कळले नसते. साध्या मराठीतला अर्ध्या पानाचा कागद दिला तरी पुरे. मापांचा साठा ऑगस्टमध्ये अपुरा पडतो, हे दुकानाला दर वर्षी माहीत असणार. ध्वजातील दोरी स्तंभाच्या दोरीला जोडण्यासाठी पुरेशी लांब नव्हती, ती आम्हाला वेगळी जोडावी लागली. कापडाला लांबच्या घडीत सुरकुत्या पडतात, त्यामुळे प्रत्येक वेळी इस्त्री लागतेच. खादीचे कापड साठवताना कसर लागू नये म्हणून मी तो मलमलच्या पिशवीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवते, आणि वर्षभरात एकही भोक पडलेले नाही. चार वेळच्या वापरानंतर वाऱ्याकडच्या मोकळ्या काठाचे दोन-तीन धागे सैल झाले आहेत, तेवढी टीप पुन्हा घालून घ्यावी लागेल. शिवण, रंग आणि चक्र जसेच्या तसे आहेत.

ज्यांच्याकडे उंच स्तंभ आहे आणि तो सांभाळायला एक जबाबदार माणूस आहे, त्यांनी खादीचाच ध्वज घ्यावा. ज्यांना बाल्कनीत तीन दिवस लावायचा आहे, त्यांनी ४५० बाय ३००चे माप पाहावे, किंवा पॉलिएस्टरचा घेतला तर आऱ्या मोजून घ्यावा. ऑगस्टच्या पावसासाठी एकच ध्वज पुरत नाही. आमच्या कार्यकारिणीने १३५० बाय ९००चा दुसरा ध्वज या जुलैमध्येच नोंदवला आहे, दोरी वेगळी घेतली आहे, आणि तो आला की आधी अण्णांकडे न्यायचा असे ठरले आहे.